प्लगइन टाकलंय

अहो,

मी बहिणीकडे जातेय, जेवण झाकून ठेवलंय.

तुमच्या त्या मेकअपवालीने पाठवलेलं, फोटोतले चेहरे आपोआप साफ करणारं प्लगइन कॉम्प्युटरवर टाकलंय. फोटोचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागलं. आता फिल्टरमध्ये सगळ्यात खाली दिसेल.

चालतंय का बघायला समोरचाच फोटो उघडला, तर तो तिचा निघाला. एकेक चेहरा हाताने करायला वेळ नाही, म्हणून प्लगइन हवं होतं ना तुम्हाला? तिच्या पापणीचा तर केस न् केस हाताने केलात.

आपल्या दोघांच्या फोटोला मात्र प्लगइनच लावलं, तुम्ही सांगितलं होतं तसं. माझा चेहरा इतका गुळगुळीत झालाय की शेजारी कोण उभी आहे ते ओळखूच येत नाही. तुमची सोयच झाली.