लोहारांच्या देवळातलं तीर्थ

तीर्थरूप नेंगा दादांस,

धाकट्या रेंतानाचा साष्टांग नमस्कार. इकडे क्लुंगकुंगला आम्ही दोघं नवराबायको धडधाकट आहोत. माझे गुडघे तेवढे आपल्या मर्जीने चालतात. वहिनींचा दमा कसा आहे? नवरदेवाला भूक लागते का? (लागत असेल, तर सासूबाईंशी अजून नीट बोलणं झालेलं दिसत नाही.)

तुम्हाला मांडव सोडून हलता येईना, म्हणून आगुंग डोंगरावर बेसाकीच्या देवस्थानी जाऊन आपल्या कुळाच्या देवळातलं तीर्थ आणायचं काम माझ्यावर सोपवलंत. त्याशिवाय गुरुवारी लग्न लागायचं नाही, हे ठाऊक असल्याने सोमवारीच सुकेर्तीला घेऊन निघालो. तिच्या डोक्यावर फळांची नि तांदळाच्या वड्यांची हातभर उतरंड, माझ्याकडे छत्री आणि तीन बाटल्या. वर पोचलो तर सगळा डोंगर धुक्यात. प्रत्येक कुळाचं देऊळ वेगळं, पायऱ्या मात्र सगळ्यांच्या सारख्या. सुकेर्ती म्हणाली, "कुणाला तरी विचारा." मी म्हटलं, "लहानपणापासून येतोय, मी काय पाहुणा आहे?" आणि डावीकडे वळलो.

बसलो, उतरंड देवापुढे ठेवली, फुलं धरून मनोभावे प्रार्थना केली, तीर्थ प्यायलो, कपाळाला तांदूळ लावले, बाटली भरून घेतली. वाडवडिलांना तुमच्या चिरंजीवांचं नाव सांगताना खरंच डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "कुठल्या गावच्या लोहारांतले तुम्ही?"

"लोहार? छे हो, आम्ही शिंपी."

"मग बाळा, आमच्या आज्याला एवढं रडून काय सांगत होतास?"

आपलं देऊळ आणखी वर होतं. पण एकीकडे दाखवलेला नैवेद्य दुसरीकडे चालत नाही, त्यामुळे आपल्याच पूर्वजांच्या दारात आम्ही हात हलवत उभे. सुकेर्ती खाली उतरली, दुकानातून फुलांचे दोन द्रोण घेऊन पुन्हा चढली. पुजारीबुवा म्हणाले, "एवढंच?" मी छत्री न्याहाळत राहिलो. तीर्थ मात्र मिळालं. बसवाल्याबरोबर पाठवतो आहे.

तुमचा,
रेंताना

ता. क. बाटल्या दोन आहेत, एक आपली, एक लोहारांची. कुठली कुणाची ते सांगता येत नाही. दोन्ही शिंपडा, माणसं भली वाटली.

ता. क. दुसरं : मुळात बाटल्या तीन होत्या. तिसरीत प्यायचं पाणी होतं. उतरताना तहान लागली म्हणून मी एक रिकामी केली. कुठली, ते विचारू नका. तेव्हा बुधवारी तुम्ही स्वतःच वर जाऊन याल का? सुकेर्तीला कळू देऊ नका.

भाऊजी, पत्र बसवाल्याला द्यायला यांनी माझ्याकडेच दिलंय. आपली बाटली मी ओळखून होते, तिचं झाकण चेपलेलं आहे. तिला आत्ता पांढरा दोरा बांधलाय, तीच शिंपडा. दुसरीत साधं पाणी आहे. लोहारांचं तीर्थ हे प्यायले, मी पाहिलं. तुम्ही मांडव सोडू नका, पण बाटली ओळखली हे यांना कळवूही नका. उलट, बुधवारी यांनाच पुन्हा वर पाठवा. पूर्वजांचा नैवेद्य राहिलाय, आणि या खेपेला उतरंड हे वाहतील.
— सुकेर्ती