सौजन्याने वळलेली रेषा

प्रिय वेधशाळे,

हे संबोधन बाबांचं, तेव्हा रागवायचं तर त्यांच्यावर. शाळेत असताना गच्चीवर बरण्या मांडून पाऊस मोजायचीस आणि जेवायला हाक मारली की ‘थांबा, नोंद राहिलीय’ म्हणायचीस. तेव्हापासून तू या घरात माणूस कमी आणि सरकारी खातं जास्त आहेस. पुढे खरोखरच सरकारी खात्यात गेलीस, त्याला आमचा इलाज नाही.

बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण स्वतः बाबांइतके नाहीत. तुझा फोन ठेवला की मला सांगतात, ‘काही विशेष नाही, पृथ्वी तापलीय म्हणाली.’

परवा तुझ्या खोलीतलं कपाट आवरताना नदीतळाचा गाळ भरलेल्या त्या नळ्या सापडल्या. तू त्या फ्रिजमध्ये ठेवायचीस, शेकडो वर्षांचे पूर यात थर धरून बसलेत म्हणायचीस, आणि तुझी वहिनी म्हणायची, ‘बसू देत गं, पण दुधाला वास लागतोय त्यांचा.’ त्या दिवसांत तू सुखी होतीस असं मला वाटतं. मग एकदा म्हणालीस, नुसतं मोजून काय उपयोग दादा, निर्णय होतात त्या टेबलाशी बसायला हवं. पुढची सगळी वर्षं त्या टेबलाकडे सरकण्यात गेली. ‘शक्य’ आणि ‘बहुधा’ यांतला फरक मंत्र्यांना समजावता समजावता तुझे केस पिकले. मी संस्कृतचा मास्तर, एका शब्दावर तास घालवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तरी तुझ्या बैठकांची वर्णनं ऐकून मला धाप लागायची. मी जुन्या काळच्या माणसांच्या भाषेत रमलो, तू अजून न आलेल्या पुरात. आजच्या दिवसाकडे बघायला घरात एकटी तुझी वहिनी.

पूररेषेच्या सुनावणीला मी मागच्या बाकावर होतो. आपल्या गल्लीचा नकाशा पडद्यावर आला, गल्ली पूररेषेच्या आत, आणि तू उठलीस. ‘इथे माझं घर आहे, नियमाप्रमाणे मी बाहेर थांबते,’ एवढंच बोलून पाण्याचा ग्लास घेऊन व्हरांड्यात गेलीस. माझी छाती फुगली. दार लागलं आणि तुझ्या समितीचे अध्यक्ष हसले, ‘अहो, बाईंचंच घर बुडवायचं? बरं दिसत नाही.’ इंजिनियरसाहेब म्हणाले, ‘थोडी वळवू की, त्यात काय!’ आम्हा श्रोत्यांना बोलायची मुभा नव्हती. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी दमदाटी केली नाही. निव्वळ सौजन्यापोटी रेषा आपल्या गल्लीला वळसा घालून गेली आणि गल्ली कागदावर सुरक्षित झाली. तू आत असतीस तर त्यांचा हात तिथल्या तिथे धरला असतास. ज्या टेबलासाठी गाळ सोडलास, त्यावरून नेमकी त्याच घटकेला तुला उठावं लागलं. याची हळहळ मला तुझ्याइतकीच आहे.

बाबांनी त्या आनंदात गल्लीला चहा पाजला. नकाशा छापून आल्यावर मी तुला फोन केला, आठवतं? ‘रेषा पाहिलीस?’ ‘पाहिली.’ ‘मग?’ ‘मला बोलता येत नाही, दादा.’ त्यानंतर तू घरी आली नाहीस. त्याआधी शेवटची आली होतीस तेव्हाही भिंतींकडे डॉक्टर रोग्याकडे बघतो तशी बघत होतीस.

गेल्या आठवड्यात शेजारचं घर बघायला एक जोडपं आलं. ती नर्स, तो बसचालक, कडेवर लेक. घर त्यांना आवडलं. जाताना तो मला म्हणाला, ‘सर, त्या नकाशावाल्या बाई तुमच्याच ना? मग झालं तर! रेषा खात्रीची.’ लेक माझा चष्मा ओढत होती. मी तिच्या मुठीतून तो सोडवत राहिलो.

म्हणून हे पत्र. हरकतींची मुदत संपत आलीय. उद्या तुझ्या कार्यालयात एक हरकत पोहोचेल : आमच्या गल्लीपुरती रेषा चुकीची आहे, ती मूळ जागी न्यावी. खाली माझी सही आहे. पेपरवाले भाऊबहिणीची लढाई रंगवतील, समितीत तुला टोमणे ऐकावे लागतील, कदाचित पदही सोडावं लागेल. ते इतरांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. हरकत मान्य झाली तर आज ना उद्या आपल्याला हे घर सोडावं लागेल. गल्लीतले लोक माझ्याशी बोलणं टाकतील, तेही दिसतंय. बाबांना सांगायचा धीर होत नव्हता. शेवटी कागदच पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पेन मागितलं. म्हणाले, ‘घर तिचं आहे म्हणून तिला बोलता येत नाही ना? मग आपलंही आहे. म्हणूनच आपल्याला येतं.’ कागद गुडघ्यावर ठेवूनच त्यांनी नाव लिहिलं. सही ओळखू येणार नाही, म्हणून सांगतो : माझ्या सहीच्या वर आहे ती बाबांची.

तुझाच,
दादा