मालनचं खोगीर

३ मार्च १९८६, सोमवार, सकाळी ६

नवी वही, नवे निश्चय. विडी बंद. मालनला रोज चेकनाक्यापर्यंत फिरवायचं. धंदा परत जोरात चालू करायचा.

मुलुंडमध्ये लोक म्हणतात, डोंगऱ्यांचे दिवस गेले. म्हणोत. माझी मालन डोंगराच, सहा पायांचं, दोन मजली उंच जनावर. आख्खं बिऱ्हाड, गोदरेजचं कपाट आणि वर म्हातारी बसवून एका खेपेत मानखुर्दला. टेम्पोला तीन फेऱ्या लागतात.

मंडपवाले अंबादासशेठ लग्नसराईची ऑर्डर देणार. 'बघू' म्हणाले. म्हणजे दिलीच.

मागच्या आठवड्यात मालन बसली ती उठेना. आठ माणसं लागली. म्हणून कालपासून रात्रीही खोगीर काढायचं नाही असं ठरवलं. पाठीवर खोगीर असेपर्यंत डोंगरा बसत नाही, जातच तशी. ऑर्डर आली की लगेच निघायचं. याला म्हणतात प्लॅनिंग.

५ मार्च, बुधवार

फिरवणं राहिलं. ऊन फार होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या नलिनीवहिनींनी गॅलरीतून भाकरी दिली. मालनने तोंडात घेतली, चावलीच नाही. वहिनी म्हणाल्या, हिला बरं नाही. म्हटलं, भाकरी शिळी असेल. वहिनी आत निघून गेल्या.

विडी एक. पाहुणा आला होता, ती धरायची नाही.

८ मार्च, शनिवार

जयवंत आला. माझ्याच हाताखाली शिकला, आता टेम्पो चालवतो. मालनच्या पायांवरून हात फिरवत म्हणाला, लवूकाका, पाय सुजलेत, खोगीर काढा, बसू दे तिला. मी म्हटलं, सूज कसली, अंग धरतेय ती. मग म्हणतो, माझ्यासोबत टेम्पोवर या.

टेम्पोवाल्यांचा डाव मला कळतो. घाबरलेत यार ते. तरी चहा पाजला.

मालनने त्याचा खांदा हुंगला. माझा बऱ्याच दिवसांत हुंगला नाही. असो.

१२ मार्च, बुधवार

अंबादासशेठकडे स्वतः गेलो. दारात दोन टेम्पो, बांबू भरणं चालू. शेठ म्हणाले, पुढच्या सीझनला बघू. आजची घाईची कामं टेम्पोला, मोठं काम मालनला, असाच विचार दिसतो. शहाणा माणूस.

घरी येऊन प्रेमाला सांगितलं. बायको असून तिने साधं 'झकास' म्हटलं नाही. बादली घेऊन मालनच्या पायांवर पाणी ओतत राहिली.

१५ मार्च, शनिवार

चौदावा दिवस. मालन एकदाही बसली नाही! कुठल्या टेम्पोत आहे हा दम? उभी आहे म्हणजे फिट आहे.

डोळ्यांतून पाणी येतं तिच्या. रस्त्याची धूळ. खोगिराखालून वासही येतो. फिनेल मारलं.

विड्या मोजल्या नाहीत.

१६ मार्च, रविवार

प्रेमा शिडी लावून वर चढली, गाठी सोडायला. मी खालून ओरडलो. गाठी माझ्या हातच्या, तिला सुटल्या नाहीत. नखं तुटली. वरूनच म्हणाली, अहो, आपला धंदा दोन वर्षांपूर्वी बंद झाला, तिला कशाला उभी ठेवलीत?

सगळी चाळ ऐकत होती. जेवलो नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळी चढलो. सोडल्या गाठी. खोगीर जयवंतने आणि त्याच्या माणसांनी दोरांनी उतरवलं. खाली कातडी राहिलीच नव्हती. मला माहीत होतं. वास आला त्याच दिवशी माहीत होतं.

मालनने आधी पुढचे पाय मुडपले, मग मधले, मग मागचे. बसली. इतका लांब श्वास सोडला की गॅलरीतले वाळत घातलेले कपडे हलले. वाटलं, जरा आराम करेल आणि उठेल. जयवंतला म्हटलंही, संध्याकाळी आठ माणसं घेऊन ये. प्रेमाने माझा हात धरला. म्हणाली, नका उठवू आता.

नाही उठवली. दुपारी तीनला गेली.

पंधरा दिवस ती उभी राहिली, ती मी बसू देईन याची वाट बघत.