ढमीचा ओठ आणि तुझी साक्ष

ता. ९, सोमवार, दुपार

प्रिय बाबूस,

आईचा सलाम आणि गोड पापा. आम्ही तिघी इकडे बऱ्या आहोत, तूही बरा असशील. वेल्डिंगच्या धुराने खोकला लागला होता तो गेला का? डोळ्यांना तो काळा चष्मा लावतोस ना? बघायला मी तिथे नाही, म्हणून विचारते.

फोन असताना आई पत्र का लिहिते, असं म्हणशील. अरे, फोनवर मी तोंड उघडलं की तू प्रार्थनेला सुरुवात करतोस, आणि आमेन झालं की ठेवून देतोस. प्रार्थनेच्या मधे कुणाला बोलता येतं का? पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. जमली की नाही युक्ती? अक्षराला मात्र हसू नकोस. चौथी नापास बाईचं आहे.

तर बाबू, तुझी लेक हसते रे! आधी मला वाटलं पोटात वारा धरलाय. पण नाही, मी टाळी वाजवली की हसते, थांबवली की भुवया चढवते, अगदी तुझ्यासारखी. मी तिला ढमी म्हणते. अंगावर मांस नाही काडीचं, पण नाव ऐकून तरी लाजेने फुगेल! सूनबाई म्हणते, "आई, लोक हसतात." हसू देत. हसायला काय जातंय.

ढमीला पाजणं हा एक धंदाच आहे. सरळ बसती धरायची, मऊ बाटली हळू दाबायची, तिने गिळलं की परत दाबायची. घाई केली की दूध नाकातून बाहेर. मग पुसा, थोपटा, ढेकर काढा, पुन्हा पहिल्यापासून. एवढं होईतो पुढच्या पाजण्याची वेळ होते. सूनबाई कपड्यांच्या कारखान्यात पुन्हा मशीनवर बसायला लागली, म्हणून दिवसभर मीच. जन्मभर इस्पितळाच्या चादरींना इस्त्री केली, पण हात असे कधी भरून आले नव्हते.

(ती उठली होती. पाजून परत बसलेय. कुठे होते मी?)

हां. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायको, पाळकीणबाई, गेल्या आठवड्यात आल्या होत्या. लोकरीची टोपी विणून आणली, इतकी मोठी की ढमीच्या लग्नालाही होईल. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आजी, आम्हाला कळवलंसुद्धा नाहीत! ओठ जुळला म्हणे पोरीचा?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"तुमच्या बाबूनेच. तिकडच्या मंडळीत उभं राहून साक्ष दिली त्याने. डॉक्टर नाही, टाका नाही, नुसत्या प्रार्थनेने जुळला. लोक रडले म्हणे."

मी टोपीची गाठ सोडत बसले. तेवढ्यात ढमी शिंकली आणि सगळं दूध पाळकीणबाईंच्या मांडीवर. त्यांनी वाकून तिचा ओठ बघितला, नाकापर्यंत फाटलेला, जसा जन्मला तसा. मग ढमीला उचललं आणि म्हणाल्या, "फडकं कुठंय?" पुसलं, आणि जाईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. तुझ्याबद्दल पुढे एक अक्षर नाही. चांगली बाई आहे.

सूनबाई मोरीत बाटल्या धूत होती. तिने सगळं ऐकलं. त्या दिवसापासून तिने तुझं नाव काढलेलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं रे.

तू खोटारडा नाहीस. मी वाढवलंय तुला. ओठ जुळावा असं तुला इतकं वाटलं असेल की जुळलाच असं धरलंस, म्हणून बोलून गेलास. आणि आता पाय अडकलाय. इकडे आलास, ऑपरेशन झालं, तर तिकडे लोक विचारतील, जुळलेल्या ओठाचं ऑपरेशन कसलं? म्हणून तुला सुट्टी मिळत नाही. ओळखलं ना मी?

काल पाळकसाहेबांनी देहधारणावर, म्हणजे देव माणूस होऊन आला त्यावर, उपदेश केला. केवढा शब्द! खरं सांगते, अर्धा मी डुलक्यांत ऐकला. पण ढमीचं नाक पुसता पुसता मनात आलं, ज्याने 'उजेड होवो' म्हटलं आणि उजेड झाला, त्याला आपलंही वरच्या वर नीट करता आलं असतं की. एक शब्द टाकला की काम झालं. तसं नाही केलं त्याने. बाईच्या पोटात राहिला, भुकेने रडला, ओला झाला. त्याचंही नाक कुणीतरी पुसलंच असेल ना? दुरून बरं केलं तर माणूस बरं होत असेल, पण त्याला कुणी जवळ घेतलं असं होत नाही. म्हणून आला असेल. मला एवढंच कळलं. चुकलं असेल तर पाळकसाहेब बघून घेतील.

माझ्याने आता गुडघे टेकवत नाहीत. टेकले तर उठवायला माणूस लागतं. ढमीला पाजताना मनात एकच असतं, गिळलं का, गिळलं का. तेवढीच माझी प्रार्थना. ज्याला स्वतःला कुणी पाजलंय, त्याला ती समजत असेल.

तू मात्र तिला अजून हातात घेतलेलं नाहीस, बाबू. जन्मली त्या दिवशी दारातूनच पाहिलंस आणि वळलास. घाबरला होतास, मला दिसलं. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, वजन भरलं. पुढच्या सोमवारी टाके घालणार. नंतर तिला तोंडात बोट घालू द्यायचं नाही, पालथं निजवायचं नाही, सारखं कुणाच्या तरी अंगावर ठेवायचं. नर्सबाई म्हणाली, बाप असला तर बरं, छाती रुंद असते. मी सूनबाईकडे पाहिलं. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

तिकडच्या मंडळीला खरं सांगून आलास तर उत्तम. चार दिवस हसतील. नाही सांगवलं, तर न सांगता ये. ते मागाहून कर. आधी ये. खेळणं नको, झबलं नको, प्रार्थनाही आम्ही तिघी मिळून करतोय.

फक्त नखं कापून ये. तिची कातडी फार कोवळी आहे.

तुझी दमलेली, आणि नातीवर भाळलेली,
आई