उलट्या आट्यांचा नट

मंगरूळपीर, मंगळवार, सायंकाळ

शुक्रवारी माझ्या पत्नीचे, सुमनचे, वर्षश्राद्ध. तिने जपलेल्या सागवानी फळीचा पाट त्या दिवशी मांडावा, एवढाच माझा हट्ट. परंतु जुन्या करवत-यंत्राचे बोथट पाते तीन दिवस निघत नव्हते.

नट डावीकडे फिरविल्यास सैल होतो, हे मी वर्गात आयुष्यभर शिकविले. म्हणून पाते फिरू नये यासाठी त्याच्या दातांत सुमन धरायची तो बाभळीचा ठोकळा अडकवून पाना डावीकडेच ओढत राहिलो.

आज शेजारच्या शेतातला भाजीवाला गजानन कुंपणापाशी थांबला. "सर, काहून आवळून राह्यले त्याले? काकू तर उजव्या अंगाले बसे. ठोकळा धरून म्हने, माह्याकडं ओढा. आमच्या वावरात आयकू ये."

खरेच. या यंत्राचे आटे उलटे आहेत. इतकी वर्षे पाते मीच बदलले आणि मला ते ठाऊक नव्हते? मी केवळ तिच्या आवाजाकडे ओढत होतो काय?

गजानन तिच्या जागी बसू लागला. मी नको म्हटले. त्या रिकाम्या जागेकडे पाना ओढला आणि नट सुटला.

पाट उद्या होईल. तिच्या तसबिरीशेजारी बाभळीचा ठोकळा मांडणे कोणत्याही विधीत बसत नाही. मी मांडणार आहे.