यॉर्क, लँकेस्टर आणि आमची भाऊबंदकी

शनि., ७ मार्च
गिल्डहॉलच्या जुन्या वास्तूत आज गाइडची पाळी. अकरा माणसं. त्यांत एक मराठी जोडपं, ब्रॅकनेलहून आलेलं. यॉर्क कोण, लँकेस्टर कोण, इंग्लंडची खरी गादी कुणाची, त्यांना काही केल्या उमगेना. शेवटी म्हटलं, "एकाच राजाची पतवंडं. भाऊबंदकी हो, दुसरं काय!" लगेच कळलं. हसले.
वाक्य माझं नाही, दादाचं. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. मी कॉव्हेंट्रीत आलो तेव्हा सात महिने त्याच्या बॉक्सरूममध्ये, अडगळीच्या खोलीत, राहिलो. पहिल्याच रविवारी गाडीत घालून, जिथे ही भाऊबंदकी संपली ते बॉसवर्थचं रणांगण दाखवायला नेलं होतं. वहिनींनी थालीपिठं बांधून दिली होती. पावसात भिजत खाल्ली.

रवि., ८ मार्च
ईराचा ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, अभ्यास. जेवायच्या टेबलावर राजघराण्यांचा वंशवृक्ष पसरलेला, ताटं ठेवायला जागा नाही. "बाबा, जिंकले ना ते, मग हरलेल्यांचा नाव का पुसायचे? जमीन, टायटल, सगळा?"
भीती वाटते म्हणून, म्हटलं. पुढचं तिला सांगितलं नाही.
इथलं मराठी मंडळ दादाने काढलं, वीस वर्षं अध्यक्ष होता. अकरा वर्षांपूर्वी मी त्याच्याविरुद्ध उभा राहिलो. आयटीतल्या नव्या पोरांची प्रॉक्सी मतं गोळा केली, त्या पोरांतल्या निम्म्यांनी दादाला पाहिलंही नव्हतं. जिंकलो. इथवर ठीक. पण स्मरणिकेत 'संस्थापक' म्हणून त्याचं नाव असायचं, त्या वर्षी ती ओळ मी काढली. जागा नव्हती म्हणून सांगितलं. जागा होती.
 सहा महिन्यांनी दादा घर विकून मँचेस्टरला निखिलकडे, मुलाकडे, राहायला गेला. हरलेले सरदार समुद्रापार पळायचे, आमचे एम-सिक्स मोटरवेने गेले.

बुध., ११ मार्च
मंडळातल्या कुलकर्णीकाकूंकडून कळलं, दादा हॉस्पिटलमध्ये आहे. फुप्फुसं. बरं दिसत नाही म्हणाल्या.
शुभा, माझी बायको, म्हणते, "आत्ता फोन कर. नाक कापलं जाणार आहे का तुझं?" फोनवर काय बोलणार. समोर बसून माफी मागायची आहे. पण शनिवारी २१ला मंडळाचा पाडवा. हॉल, लेझीम, दीडशे पानं, सगळं माझ्याच गळ्यात. तो आटपला की २९च्या रविवारी जातो, निवांत.

गुरु., १९ मार्च
घरची गुढी. कडुलिंब मिळाला नाही, शुभाने कढीलिंबावर भागवलं. श्रीखंड-पुरी.
धीर करून दादाला मेसेज टाकला. 'नववर्षाच्या शुभेच्छा. २९ला भेटायला येतोय.' अकरा वर्षांत पहिला. संध्याकाळी मेसेजच्या टिक्स निळ्या झाल्या. उत्तर नाही, पण वाचलं तरी. फार बरं वाटलं.

शनि., २१ मार्च
कार्यक्रम उत्तम. गुढी मीच उभारली, अध्यक्ष या नात्याने. फोटो भरपूर. कुलकर्णीकाकू न जेवताच गेल्या. गुडघे दुखत असतील.

मंगळ., २४ मार्च
निखिलचा फोन, दुपारी. "काका, बाबा गेले. बारा तारखेला. आज तेरावा पण झाला."
बारा. मी काकूंचं ऐकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी.
"आईने तुम्हाला सांगू दिला नाही. म्हणाली, त्यांचा पाडवा आहे, कशाला मोडायचा."
सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये होतो. गाडीतच बसून रडलो. भाऊ गेलेला आणि मी त्याच्या सुतकात दोन गुढ्या उभारल्या, एक घरी, एक भर सभेत. हॉलमध्ये किती जणांना ठाऊक असेल? मेसेज वहिनींनी वाचला असणार.
वहिनींनी हे माझी अडचण नको म्हणून केलं की शिक्षा म्हणून, कळत नाही. शिक्षा असेल तर योग्यच आहे.

बुध., २५ मार्च
शुभाने पुण्याला मावशींना विचारलं. दहा दिवसांनंतर कळलं तर सुतक तीन दिवसांचं. काल धरून उद्यापर्यंत. देव पारोसे.
ईराने विचारलं, "मला पण आहे? मला ते आठवत पण नाही." आहे, म्हटलं. दादा मँचेस्टरला गेला तेव्हा ती सहा वर्षांची. संध्याकाळी मैत्रिणीच्या बर्थडेला गेली नाही. मी नको म्हटलं नव्हतं.

गुरु., २६ मार्च
वहिनींना फोन केला.  सुतक धरलंय म्हणून सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. शाबासकी हवी होती बहुतेक.
"तुम्ही कशाला धरलंत?" अगदी शांतपणे. "अकरा वर्षं आम्ही तुमचे कुणी नव्हतो. आता तीन दिवस कशाला?"
मी चुकलो म्हटलं. स्मरणिकेचं कबूल केलं. म्हणाल्या, "ते त्यांना सांगायचं होतं."
२९ला येऊ का, विचारलं.  म्हणाल्या, "निखिलला विचारून कळवते."
अजून कळवलेलं नाही. शुभाने गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय.
बॉक्सरूममध्ये राहायला आलो त्या दिवसापासून वहिनी मला भावजी म्हणायच्या. आज अख्ख्या फोनवर एकदाही म्हणाल्या नाहीत.