ह्यांचं पान

१ सप्टेंबर १९८७
आजपासून मी मिस हॅडन यांच्याकडे सोबतीला. नॉटिंगहॅमहून बसनं ह्या खेड्यात आले. दगडी घर, खिडकीत जेरेनियम, मला स्वतंत्र खोली. ह्यांच्या मागे रिकाम्या फ्लॅटमध्ये बसण्यापेक्षा हे बरं. सुनीतीला फोनवर सांगितलं, तुझ्या बाळंतपणाला मी असणारच. ती हसून म्हणाली, येशीलच गं, इथल्या मिडवाइफला डिंकाचे लाडू थोडेच येतात.

५ सप्टेंबर
पोस्टातल्या मिसेस ग्रिमशॉ सुटे पैसे माझ्या हातात देत नाहीत, काउंटरवर टाकतात. किती दिवस राहणार, विचारलं. मुलीच्या बाळंतपणापर्यंत, म्हटलं. त्या म्हणाल्या, बघू. शाळेत नन्सनी शिकवलं तशी मी हसून थँक यू म्हणाले. इथे पक्ष्यांनाही कुणी दाणे घालत नाही. उरलेलं अन्न शेगडीत जाळायचं, बाहेर ठेवायचं नाही, अशी मिस हॅडनची ताकीद आहे.

१५ सप्टेंबर
आज ह्यांची तिथी. मिस हॅडन दुपारी झोपल्यावर खीर, वरणभात केला आणि मागच्या भिंतीवर पान ठेवलं. एका दिवसानं काय होतंय. कावळे झाडावर बसून राहिले, उतरेनात. वडिलांच्या वेळी असंच झालं होतं; काकांनी माझ्या धाकट्या भावाला सांभाळीन असा शब्द दिला आणि कावळा शिवला. म्हणून मीही बोलत गेले. सुनीतीला जपीन. तुमची पुस्तकं टाकणार नाही. काही नाही. शेवटी म्हटलं, तुम्हाला सोडून इथून जाणार नाही.
कावळे एकदम उडून गेले. पाणी आणायला आत गेले, परत येते तो पान चाटूनपुसून लख्ख.

१६ सप्टेंबर
खिरीच्या भांड्यावरून मिस हॅडनना कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. कुणासाठी ठेवलंस? नवऱ्यासाठी, म्हटलं. त्या म्हणाल्या, जेवून गेलं तो तुझा नवरा नव्हता. इथलं जे आहे, ते जेवू घालणाऱ्याला सोडत नाही.

२० सप्टेंबर
भर दुपारी भिंतीपलीकडे ह्यांचा खोकला. क्षणभर इतकं बरं वाटलं. मग ते बोललं. मी दिलेला शब्द. माझ्याच आवाजात.

२४ सप्टेंबर
जावयाचा, जयंतचा फोन. सुनीतीला वेळेआधीच कळा सुरू झाल्या, मला हाका मारतेय. बस आली. ड्रायव्हरनं माझ्या मागे काहीतरी पाहिलं, दार न उघडताच निघून गेला. चालत निघाले. रस्ता परत ह्याच भिंतीपाशी—
मिसेस ग्रिमशॉ खिडकीतून ओरडल्या, आत जा, तू गेलीस तर ते आमच्या दारी येईल.

२५ सप्टेंबर
मुलगी झाली. दोघी सुखरूप. भिंतीपाशी जाऊन पदर पसरला, शब्द मागे घेते, सोडा मला. उत्तर आलं— जाऊ नकोस. त्यांनाच बोलावू.

२९ सप्टेंबर
जयंतचा फोन. आई, निघतोय आम्ही, बाळाला घेऊन. तुम्हीच सकाळी बोलावलंत ना.
मी फोन केला नव्हता. सांगायला गेले— घशातून आवाज नाही. माझा आवाज भिंतीपाशी आहे. लाडानं हाका मारतोय.
गाडी फाटकाशी. हे पान फाडून काचेला लावते—
सुनीती, उतरू नकोस. हाक मारतेय ती मी नव्हे. बाळाला तिच्या हातात दे—